रानातला डाव : विटीपासून तबकडीपर्यंत

सुगी उरकली, कणसे मोडून झाली, कडब्याच्या गंजी लागल्या, की ढोकीच्या शिवारात पूर्वी एक वेगळाच ऋतू सुरू होई. पंचांगात त्याचे नाव सापडायचे नाही. रान मोकळे, गुरे मोकळी आणि गुरांमागची पोरेही मोकळी. नांगरट सुरू होईपर्यंतचे हे थोडे दिवस म्हणजे विटीदांडूचे दिवस. बाभळीची नाही तर बोरीची सरळ फांदी पाहून दांडू काढायचा, उरलेल्या तुकड्याची दोन्ही टोके तासून विटी करायची, दांडूच्या टोकाने जमिनीत लांबट गल कोरायची, की खेळ सुरू. साहित्याला पैसा लागत नसे. मैदानालाही लागत नसे, आणि आज मला बोलायचे आहे ते या मैदानाविषयीच.

श्रोतेहो, ती जमीन जरा डोळ्यांपुढे आणा. तेरणेच्या खोऱ्यातली काळी जमीन. पावसाळ्यात तिच्यात पाय रुततो आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. भेगाही अशा, की विटी आत गेली तर हात घालून चाचपावे लागते. ज्वारी काढल्यावर उरलेली धसकटे अनवाणी पायांना टोचतात. मध्येच बांध, बांधावर बोरी-बाभळी, पलीकडे ओढा, ओढ्याच्या काठाला वेडीवाकडी घळ. इथे क्रिकेटचा चेंडू टाकला तर तो कुठे उसळेल हे टाकणाऱ्यालाही सांगता यायचे नाही. कबड्डीची रेघ मारावी तर ढेकळांवर ती उमटायची नाही. विटीला मात्र त्याचे काही नव्हते. टोला बसला की ती बांधावरून जाई, बाभळीत अडके, ओढ्यात पडे. आणि त्या त्या ठिकाणी काय करायचे, याचा कायदा आळीतल्या पोरांनी आधीच ठरवून टाकलेला असे.

झाडात अडकलेली विटी खाली येताना कोणी झेलली तर खेळणारा बाद की नाही? बांधाला आपटून परत फिरली तर अंतर कुठून मोजायचे? ओढ्यापलीकडे गेली तर दांडूने पाणी कसे मोजणार? भेगेत गेलेली विटी हाताने काढून वर ठेवायची, की तिथल्या तिथे दांडूने उचकटायची? मोठ्या माणसांना हे प्रश्न क्षुल्लक वाटतात. पण दुपारभर चाललेल्या डावात राज्य कोणावर येणार हे याच प्रश्नांवर ठरे, आणि त्यावरून होणारी भांडणे काही क्षुल्लक नसत! एका आळीचा कायदा दुसऱ्या आळीला मान्य नसे. कारण उघड आहे. एका आळीच्या वाट्याला ओढा आलेला, दुसरीच्या वाट्याला खळे. जमीन बदलली की कायदा बदलला.

आता यात इतिहास कुठे आला, असे कोणी विचारील. तो असा, की मैदान आधी झाले की खेळ आधी झाला, हा खेळांच्या इतिहासातला मोठा प्रश्न आहे. आपण धरून चालतो, की आधी जागा सपाट करायची, रेघा आखायच्या आणि मग खेळ मांडायचा. बहुतेक खेळांची हकीकत नेमकी उलटी आहे.

गोल्फचेच पाहा. आज तो साहेबलोकांचा, पैसेवाल्यांचा खेळ समजला जातो. त्याची हिरवळ पाहिली तर तिच्यावर पाय ठेवायलाही संकोच वाटावा. पण स्कॉटलंड देशात इसवी सन १४५७ मध्ये तिथल्या पार्लमेंटाने हुकूम काढला होता, की गोल्फ आणि फुटबॉल हे खेळ बंद करावेत, कारण लोक धनुष्यबाणाचा सराव सोडून यांच्याच नादी लागले आहेत. खेळाच्या इतिहासात असे पुष्कळदा होते. खेळाची पहिली नोंद मिळते ती त्याच्या बंदीच्या हुकुमात! लोक हा खेळ खेळत ते समुद्रकाठच्या वाळवट, खुरट्या गवताच्या पडीक जमिनीवर. शेतीला ती निरुपयोगी. तिथे मेंढरे चरत, ससे बिळे करीत, वारा वाळू उकरून खड्डे पाडी. त्या खड्ड्यांनाच पुढे खेळातले अडथळे म्हणून मान मिळाला. सेंट अँड्र्यूज गावच्या अशा जमिनीवर १७६४ पर्यंत एका फेरीत बावीस टप्पे खेळत. त्या वर्षी सुरुवातीचे चार टप्पे फार आखूड वाटले, म्हणून त्यांचे दोन केले. टप्पे जाता-येता दोन्ही वेळा खेळायचे असत, त्यामुळे बावीसाचे अठरा झाले. आज साऱ्या जगात गोल्फचे अठरा टप्पे असतात ते एका गावच्या पडीक रानाच्या सोयीमुळे. कलकत्त्याला गोल्फचा क्लब १८२९ साली निघाला तेव्हा हा खेळ साहेबाच्या पेटाऱ्यातून आपल्याकडे आला खरा, पण त्याचे मूळ धनगरी रानातलेच म्हणायचे.

आपल्या देशी खेळांचीही तीच वाट. हुतूतू काय, खोखो काय, हे एके काळी नदीच्या वाळूत, देवळापुढच्या पटांगणात, जागा असेल तसे खेळले जात. विसाव्या शतकात व्यायामशाळांनी आणि शारीरिक शिक्षणाच्या मंडळांनी त्यांना मापे दिली, नियम छापले, पंच नेमले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले खेळ तिथे करून दाखवले. पुढे १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला जागा मिळाली. हे झाले ते फार चांगले झाले, यात शंका नाही. मापात बसल्यामुळे हे खेळ जगले. पण मापात बसवताना काही खेळ मागे राहिले. ज्या खेळाला सारे शिवार लागते, तो पंचवीस-तीस पावलांच्या चौकटीत बसवायचा कसा? विटीदांडू असा मागे राहिला. शाळेच्या तासिकेत त्याला जागा मिळाली नाही, स्पर्धांच्या यादीत तो क्वचितच आला, आणि जे शाळेत नाही ते हळूहळू पोरांच्या हातातूनही गेले.

दुसरी दोन कारणेही प्रामाणिकपणे सांगायला हवीत. विटीची टोके टोकदार असतात. टोला हुकून ती डोळ्याला लागली, अशी एखादी गोष्ट प्रत्येक गावात कोणी ना कोणी सांगतोच. आईबापांनी दांडू चुलीत घातले ते काही उगीच नव्हे. आणि दुसरे कारण म्हणजे ऊस. ढोकीचे नाव तेरणा साखर कारखान्यामुळे दूरवर झाले. जिथे विहिरीला पाणी लागले तिथे ज्वारीच्या जागी ऊस उभा राहिला. ज्वारी चार-साडेचार महिन्यांत रान मोकळे करते. ऊस वर्ष-दीड वर्ष हलत नाही, आणि तुटला तरी त्याचा खोडवा पुन्हा वर येतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही बरकत. पण पोरांचा मोकळ्या रानाचा ऋतू त्याने गिळला, असे माझे मत आहे. कोणी खोडून काढील तर ऐकायला मी तयार आहे.

या विटीदांडूत एक जुना ठेवा दडलेला आहे, तो इथेच सांगून टाकतो. अंतर मोजताना किंवा विटीचे निरनिराळे टोले मारताना पोरे जे आकडे म्हणत, ते आठवा. वकट, लेंड, मूंड, नाल... लेंडला कोणी रेंडही म्हणतात. हे मराठी आकडे नव्हेत. एक, दोन, तीन, चार यांच्याशी त्यांचे काही नाते दिसत नाही. पण तेलुगू माणसाला विचारा. तो म्हणेल ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. पुढे आपल्याकडे जो ‘आर’ येतो तो त्यांचा सहाचा आकडा, आरु. प्रत्येक आकड्याला विटी ठेवण्याची जागा वेगळी. कुठे पायाच्या चवड्यावर, कुठे मुठीवर, कुठे कोपरावर, कुठे थेट डोळ्यावर. या जागा आणि ‘नाल’च्या पुढचे शब्द गावोगाव बदलतात. पहिले चार शब्द मात्र बऱ्याच ठिकाणी तेच.

आपल्या भागात याचे एक सोपे उत्तर चटकन तोंडावर येते. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, संस्थानात तेलुगू मुलुख मोठा होता, म्हणून तेलुगू आकडे आले. पण थांबा. हेच शब्द पुण्याकडे म्हणत, हेच कोकणात म्हणत, आणि तिथे निजामाचा अंमल नव्हता. शिवाय ढोकीहून जवळची भाषा कानडी. तेलुगू मुलुख त्यामानाने लांब. कानडीत एकाला ओंदु आणि दोनाला एरडु म्हणतात, आणि ‘वकट-लेंड’शी ते जुळत नाही. तेव्हा हा ठेवा संस्थानापेक्षा जुना मानावा लागतो. ढोकीच्या शेजारचे तेर हेच प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी ग्रंथात त्याचा उल्लेख पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे फार मोठे नगर असा येतो. तिथून जाडेभरडे कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदराला जाई, आणि किनाऱ्याकडचा माल तगरला येई. महाराष्ट्र आणि आंध्र यांच्यामधली ये-जा इतकी जुनी आहे. व्यापाऱ्याच्या आणि सैनिकाच्या पाठीमागे त्यांची पोरेही चालत असतात, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. खेळ जुना असल्याची साक्ष तर तुकाराम महाराजांच्या गाथेतच आहे. विटीदांडू, चेंडूफळी, हमामा, हुतूतू या खेळांवर त्यांचे अभंग आहेत. त्या काळी ऐकणाऱ्याला खेळ समजावून सांगावा लागत नव्हता. नाव घेतले की पुरत होते.

आता थोडे दूर जाऊ. विटीदांडूला मागे टाकणारा हा जो सपाट मैदानाचा प्रवाह, त्याच्या उलट दिशेने गेलेला एक खेळ आहे. त्याचे नाव डिस्क गोल्फ. आपण तबकडीचा गोल्फ म्हणू. तो आपल्या मुलुखातला नव्हे, पण त्याची हकीकत खेड्यातल्या शाळेपासूनच सुरू होते, म्हणून शिक्षक मंडळींनी ती मुद्दाम ऐकावी.

कॅनडा देशात सस्कॅचेवान नावाचा गव्हाचा प्रांत आहे. त्यात ब्लॅडवर्थ हे लहानसे गाव. १९२६ साली तिथल्या प्राथमिक शाळेतला रोनाल्ड गिब्सन हा मुलगा आणि त्याचे सवंगडी यांनी एक खेळ काढला. शाळेच्या आवारात जिथे जिथे वाळवट जागा होती तिथे त्यांनी चार-चार फूट रुंदीची वर्तुळे काढली. डब्यांची पत्र्याची झाकणे घेतली. आणि कमीत कमी फेकींत झाकण एका वर्तुळातून दुसऱ्यात न्यायचे, असा डाव मांडला. नाव ठेवले ‘टिन लिड गोल्फ’, म्हणजे झाकणांचा गोल्फ. नियमाने खेळत असत म्हणे. पुढे मुले मोठी झाली, चार दिशांना पांगली, आणि खेळ संपला. तो पुढच्या मुलांच्या हाती गेला नाही. आपल्या आळीच्या कायद्यांचे जे झाले तेच.

झाकण फेकण्याची हौस मात्र कुठे ना कुठे उगवतच राहिली. अमेरिकेत ब्रिजपोर्ट गावी फ्रिस्बी नावाच्या घराण्याची बेकरी होती. तिच्या पदार्थांच्या पत्र्याच्या थाळ्या विद्यार्थी एकमेकांकडे फेकत. तिकडे फ्रेड मॉरिसन नावाच्या तरुणाने १९३७ साली डब्याचे झाकण फेकता-झेलता हा खेळ शोधला. पुढच्या वर्षी समुद्रकिनाऱ्यावर केकच्या थाळ्या पंचवीस-पंचवीस सेंटांना विकल्या. दुकानात त्यांची किंमत पाच सेंट होती! लढाई संपल्यावर त्याने प्लॅस्टिकची तबकडी घडवली, आणि १९५७ साली व्हॅम-ओ या खेळण्यांच्या कंपनीने ती ‘फ्रिस्बी’ या नावाने बाजारात आणली. थाळीचे नाव तबकडीला मिळाले.

तबकडी झाली, पण खेळ अजून झाला नव्हता. साठीच्या दशकात कॅलिफोर्नियात सुट्टीत मुलांना खेळवणाऱ्या एका तरुणाला गोल्फ खेळता खेळता सुचले, की मुलांनी हेच तबकडीने करावे. न्यूयॉर्क प्रांतातल्या रॉचेस्टर गावी काही मंडळी बागेतल्या झाडांना आणि दिव्याच्या खांबांना लक्ष्य करून खेळत असत. १९७४ साली त्यांनी स्पर्धा भरवली तेव्हा विजेत्याला बक्षीस म्हणून मोटारगाडी दिली. या सगळ्या मंडळींना एकमेकांची फारशी खबर नव्हती. ब्लॅडवर्थची तर कोणालाच नसावी.

मग एड हेड्रिक आला. हा व्हॅम-ओ कंपनीतला माणूस. तबकडी स्थिर उडावी म्हणून तिच्या पाठीवर बारीक वर्तुळाकार कंगोरे घालणारा. १९७५ साली कॅलिफोर्नियात लॉस एंजलिसजवळ ओक ग्रोव्ह नावाच्या बागेत त्याने जगातली पहिली कायम आखणी केली. बाग म्हणजे ओकची जुनी झाडे असलेले रान. त्याने झाडे तोडली नाहीत, चढउतार भरून काढले नाहीत. झाडांमधून, उतारांवरून एक वाट ठरवली आणि प्रत्येक टप्प्याच्या शेवटी एक खांब रोवला. तबकडी खांबाला लागली की टप्पा पुरा.

इथेच गंमत झाली. खांबाला तबकडी लागली की नुसती चाटून गेली, यावर वाद होऊ लागले. लांबून नीट दिसत नाही, आवाज येतो न येतो. आपल्याकडे विटी दांडूला लागली की नाही, यावर जे होते तेच तिथे झाले. हेड्रिकने तोड काढली. खांबाच्या वरच्या अंगाला साखळ्या लोंबत्या सोडल्या आणि खाली एक टोपली बसवली. तबकडी साखळ्यांवर आदळते, तिचा वेग मरतो आणि ती टोपलीत पडते. पडली तर पडली, नाही तर नाही. साखळ्यांचा खणखणाट लांबवर ऐकू येतो. पंच नको, भांडण नको. १९७७ साली त्याला या साधनाचे पेटंट मिळाले. त्याआधी, १९७६ मध्ये, त्याने या खेळाची संघटनाही उभी केली आणि नियम लिहून काढले. २००२ साली हेड्रिक वारला, तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा प्लॅस्टिकमध्ये मिसळून तिच्या तबकड्या ओतल्या. आपल्या कानांना हे विचित्र वाटेल. आपण रक्षा नदीत सोडतो, त्याने ती वाऱ्यावर सोडायला सांगितली.

ब्लॅडवर्थचा खेळ मेला आणि ओक ग्रोव्हचा जगला, तो कशामुळे? तबकडी चांगली म्हणून? माझ्या समजुतीने तसे नाही. पत्र्याचे झाकणही उडते. फरक दोन गोष्टींनी पडला. लक्ष्य जमिनीत कायमचे रोवले गेले, आणि कायदा कागदावर आला. वाळूतले वर्तुळ वाऱ्याने पुसते. आज जगभरात या खेळाच्या पंधरा हजारांहून अधिक आखण्या आहेत. सर्वांत जास्त अमेरिकेत, पण लोकसंख्येच्या मानाने पाहाल तर फिनलंड, एस्टोनिया, आइसलंड हे थंडीवाऱ्याचे देश पुढे आहेत. बऱ्याच जागा सार्वजनिक बागांत आणि रानांत असून तिथे खेळायला पैसे पडत नाहीत.

खेळ कसा चालतो ते थोडक्यात सांगतो. नऊ किंवा अठरा टोपल्या. ठरलेल्या जागेवरून पहिली फेक. तबकडी जिथे पडली तिथून दुसरी. टोपलीत जाईपर्यंत जितक्या फेकी लागल्या तितका तुमचा आकडा, आणि ज्याचा आकडा सर्वांत कमी तो जिंकला. तबकडी हद्दीबाहेर किंवा पाण्यात गेली तर एक फेक दंड. काही ठिकाणी असेही ठरवतात, की अमुक झाडाच्या डाव्या अंगानेच तबकडी गेली पाहिजे. सोपे वाटते ना? आता यात डोंगरउतार घाला, दाट झाडी घाला, वारा घाला.

तबकडी चेंडूसारखी जात नाही. ती फिरत जाते, आणि तिचे सारे मर्म त्या फिरण्यात आहे. भोवरा जोरात फिरतो तोवर एका आरीवर ताठ उभा असतो, वेग मंदावला की डुलतो आणि आडवा होतो. कुंभाराचे जड चाक खुंटीवर तोललेले राहते ते फिरते तोवरच. तेर ही गोरोबाकाकांची भूमी, तेव्हा चाकाची ही गोष्ट या भागातल्या माणसाला मी काय सांगावी! तबकडीही तशीच. गती आहे तोवर ती वाऱ्यावर टेकून सरळ जाते, गती सरू लागली की एका अंगाला कलते. उजव्या हाताने छातीजवळून बाहेर झटकलेली तबकडी शेवटी बहुधा डावीकडे वळते. खेळाडू या खोडीचाच उपयोग करतो. समोर झाड असेल तर त्याच्या उजवीकडून सोडायची. झाड ओलांडल्यावर ती आपली आपण डावीकडे येते.

वाऱ्याचा हिशेबही उलटाच. समोरून वारा आला तर आपल्याला वाटेल की तबकडी खाली दबेल. पण ती वर उचलली जाते आणि उजवीकडे भरकटते. पाठीमागून वारा असला तर तिचा आधार कमी होतो आणि ती लवकर खाली येते. उताराच्या माथ्यावरून खाली फेकताना ती इतका वेळ हवेत राहते, की खोड दाखवायला तिला भरपूर सवड मिळते. चढावर टोपली असेल तर हुकलेली तबकडी कडेवर उभी राहून गडगडत पार पायथ्याशी येते, आणि खेळाडू हताश होऊन तिच्याकडे पाहत राहतो. म्हणून खडतर जागी कसलेले खेळाडू ताकदीपेक्षा आधी पायी फिरून जागा पाहण्यावर भर देतात. कुठे उतार आहे, वारा कुठून वळतो, चुकले तर कुठे चुकलेले परवडेल. आमचे म्हातारे रान विकत घेताना असेच फिरून बघत.

एक नियम मला फार आवडला. तबकडी झुडपात पडली तर तिथून फेकताना उभे राहण्यासाठी फांद्या मोडायच्या नाहीत. झाडाला कमीत कमी हलवून जसे उभे राहता येईल तसे राहायचे आणि तशीच फेक करायची. झाड तुमच्या वाटेत आलेले नाही, तुम्ही त्याच्या वाटेत गेला आहात, असा त्या नियमाचा भाव. आपल्या विटीदांडूत असा कायदा नव्हता, हे कबूल केले पाहिजे. आम्ही बाभळीला खुशाल दगड मारून विटी पाडत असू.

बरं, मग ढोकीला लोखंडी टोपल्या रोवा, असे का माझे म्हणणे आहे? नाही. त्या महाग असतात, आणि परका खेळ आणला म्हणजे आपण पुढारलो असेही नाही. पण आमच्या शाळेला मैदान नाही, मग खेळ काय घ्यायचे, हे वाक्य मी पुष्कळ शिक्षकांच्या तोंडून ऐकले आहे. शाळेच्या मागे ओढा असतो, टेकाड असते, चार लिंब-बाभळी असतात, आणि तरी मैदान नाही! ब्लॅडवर्थच्या मुलांकडे चार वाळवट जागा आणि डब्यांची झाकणे होती. उन्हाळ्यात, पीक नसताना, मालकाला विचारून, ओढ्याकाठच्या पडीक तुकड्यात नऊ खुणा मांडता येतील. फुटका माठ, जुनी पाटी, झाडाला बांधलेले फडके, काहीही चालेल. झाकणाची धार आधी ठोकून वळवून घ्यावी, नाही तर बोट कापते. सायकलच्या फाटक्या टायरची लहान कडी केली तर तेही भागते. आणि फेकण्यापूर्वी पुढे कोणी नाही ना, हे पाहून हाक द्यावी. तबकडीही डोक्यात बसली तर टेंगूळ आणते.

त्याहून निकडीचे काम दुसरे आहे, आणि त्याला झाकणसुद्धा लागत नाही. लागते एक शंभर पानी वही. ज्यांनी ढोकीच्या, तेरच्या, येडशीच्या, मुरुडच्या रानात विटीदांडू खेळला ती माणसे आता साठी-सत्तरीला आली आहेत. पारावर त्यांच्याशेजारी मुलांना बसवावे आणि प्रश्न विचारायला सांगावे. तुमचा दांडू किती वितींचा होता आणि लाकूड कशाचे? गल कुठे कोरत होता, ती जागा आम्हांला दाखवता का? झाडातून पडणारी विटी झेलली तर तुमच्या आळीत बाद धरत का? आणि ओढ्यापलीकडे गेलेली विटी तुम्ही मोजत कशी? दांडू टाकून पाण्यातून चालत जात होता, की नजरेने मागत होता आणि समोरचा कबूल करीत होता? मुली खेळत होत्या का, की त्यांना नुसते विटी आणायला लावत होता? ‘नाल’च्या पुढे तुम्ही काय म्हणत होता, आणि तेव्हा विटी कुठे ठेवत होता?

उत्तरे दोन म्हाताऱ्यांची एकसारखी यायची नाहीत. वाद होईल. दोन्ही लिहून घ्यावीत, आणि प्रत्येकापुढे त्याच्या आळीचे नाव घालावे.